साहेब मीटिंगमध्ये आहेत

आई, गेल्या आठवड्यात डोंबिवलीत एका कॉलेजच्या हॉलमध्ये मी पुन्हा तुझा आवाज काढला आणि सगळा हॉल हसला. तुला हे पहिल्यांदाच सांगतोय, म्हणून नीट सांगतो. आजकाल मला भाषणांना बोलावतात. कॉलेजात, मंडळांत, कुठल्या कुठल्या उद्योजक मेळाव्यांत. विषय ठरलेला असतो: नोकरीच्या मागे न लागता धंदा कसा उभा करावा, तरुणांनी काय करावं, काय करू नये. मी ब्लेझर घालून जातो. हसू नकोस, वागळे इस्टेटमधला आपला तो अर्धा गाळा आता चांगला पसरलाय, आणि स्प्रिंगा बनवणाऱ्यालाही ब्लेझर शोभतो असं लोक तोंडावर तरी म्हणतात. भाषण रंगात आलं की मी माइक रिसिव्हरसारखा कानाला लावतो, मान थोडी तिरकी करतो आणि बाईच्या आवाजात म्हणतो, "नमस्कार, बोला. साहेब मीटिंगमध्ये आहेत, जरा होल्ड करा हं." मग पोरांना सांगतो की सुरुवातीला माझ्याकडे ऑफिस नव्हतं, माणसं नव्हती, रिसेप्शनिस्ट तर लांबच राहिली. म्हणून मीच बाईचा आवाज काढून फोन घ्यायचो, आणि थोडं थांबून मीच साहेब होऊन लाइनवर यायचो. पोरं बाकं बडवतात. कुणीतरी शिट्टी मारतं. मी हसू ओसरायची वाट बघतो, चेहरा गंभीर करतो आणि म्हणतो, परतीचे दोर कापून टाका. त्यावर टाळ्या पडतात. हे मी इतक्या ठिकाणी सांगितलंय की आता कुठे थांबायचं, कुठे खोकायचं, तेही पाठ झालंय.

फोन मी कधीच घेतला नाही, हे तुला मी काय सांगणार. तो कल्याणच्या तुझ्या सरकारी क्वार्टरमध्ये होता, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, तू विणलेल्या रुमालावर. तू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होतीस म्हणून तो आपल्याकडे होता. आपल्या ओळखीतली निम्मी माणसं तेव्हा फोनसाठी नंबर लावून वाट बघत बसलेली. मी वागळेला अर्धा गाळा भाड्यानं घेतला, एक जुनं मशीन टाकलं आणि कार्ड छापून आणलं. त्यावर 'ऑफिस' म्हणून आपल्या घरचा नंबर. तुला विचारलंही नव्हतं. तू कार्ड हातात घेऊन लांब धरून वाचलंस आणि म्हणालीस, "ऑफिस होय? मग ऑफिसात कुणीतरी दिवसभर बसायला नको का?" मी म्हणालो, बघू काहीतरी. दुसऱ्याच आठवड्यात तू खात्यात अर्ज करून कायमची रात्रपाळी मागून घेतलीस. दिवसा घरी असावं म्हणून. मला मात्र सांगितलंस की रात्री स्विचबोर्डवर गर्दी कमी असते, डोक्याला शांतता मिळते. मी तेही मान्य केलं. मला तेव्हा जे सोयीचं असेल ते सगळं चटकन पटायचं.

अजून दिसतं मला. तू सकाळी येतेस, अंघोळ करतेस, कुकर लावतेस आणि फोनच्या शेजारी चटई टाकून आडवी होतेस. साडीचा पदर डोळ्यांवर. मी डबा घेऊन निघतो. पुढचं मला कधी दिसलं नाही, पण एकदा तापानं घरी राहिलो तेव्हा बघितलं. फोन वाजतो. पहिली रिंग तू तशीच जाऊ देतेस, पदर बाजूला करून उठून बसतेस. दुसऱ्या रिंगला उचलतेस. आणि त्या उठलेल्या, डोळे सुजलेल्या बाईच्या तोंडून असा आवाज येतो की जणू तिच्यामागे चार टेबलं आहेत, पंखे फिरतायत आणि शिपाई चहा घेऊन चाललाय. "नमस्कार, बोला." मी अंथरुणातून विचारलं, पहिल्याच रिंगला का नाही उचललास? तू म्हणालीस, "पहिलीला उचलला तर रिकामटेकडे वाटतो. चौथीला उचलला तर माजलेले वाटतो. दुसरी बरी." माझ्या भाषणात आता त्याची एक स्लाइड आहे, आई. खाली माझं नाव आहे. पोरं मोबाइलवर फोटो काढून घेतात.

निरोप तू खडूनं स्वयंपाकघराच्या दारावर लिहायचीस. दाराच्या निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. दुपारी मी गाळ्याजवळच्या पीसीओवरून घरी फोन करायचो आणि तू वाचून दाखवायचीस. कोण रागावलाय, कोण नुसतंच भाव विचारतोय, कोण खरंच ऑर्डर देणार आहे, हे तुला आवाजावरून कळायचं. "ह्याला आधी कर, हा दुसरीकडे जायच्या बेतात आहे," असं सांगायचीस. मी त्याला आधी करायचो. रविवारी मी घरी असलो आणि फोन आला तरी लगेच माझ्या हातात देत नव्हतीस. रिसिव्हरवर तळवा ठेवून उभी राहायचीस, मला डोळ्यांनी दटावायचीस, आणि जरा वेळानं "साहेब आलेत, देते हं" म्हणून पुढे करायचीस. आपण दोघं मग हसू दाबायचो. चांगले दिवस होते ते, आणि माझ्या भाषणात ते सगळे आहेत. फक्त तू नाहीस.

आणि तो दिवस. मी डबा विसरलो म्हणून तू पाळी करून आलेली असतानाही ठाण्याला उतरलीस, रिक्षा करून गाळ्यावर आलीस. नेमके तेव्हाच डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीचे परचेसवाले साहेब माल बघायला आलेले. तू दारातून म्हणालीस, "या ना, बसा ना, उभे का?" त्यांनी मान वर केली आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "अरे, ह्या तर तुमच्या ऑफिसच्या मॅडम! आवाज ओळखला मी." मी तुझ्याकडे बघितलं. तुझी ती रात्रभराची चुरगळलेली साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. मी म्हणालो, "हो, आमच्या ऑफिसच्या." एवढंच. तुझ्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "नमस्कार सर," तू म्हणालीस, "त्या दिवशी मध्येच लाइन कट झाली तुमची, सॉरी हं." आणि पिशवी मशीनच्या मागे ठेवून तू निघून गेलीस. रात्री जेवताना मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तूच आधी म्हणालीस, "मॅडम म्हणून ओळख करून दिलीस ते बरं केलंस. पण ऑफिसची बाई साहेबांना घरून डबा आणून देते, हे जरा विचित्र नाही का दिसत? उद्यापासून डबा आठवणीनं नेत जा." मग मला आमटी वाढलीस. तू ह्याहून जास्त कधीच रागावली नाहीस माझ्यावर, आणि मी ते रागावणं आहे हे न कळल्यासारखं दाखवलं.

तू गेल्यावर वर्षभरात माझा पहिला सत्कार झाला. माझ्या आधी बोलला तो मुलगा म्हणाला, वडिलांनी जागा दिली म्हणून जमलं. माझ्या शेजारी बसलेला माणूस हळूच म्हणाला, "मग ह्यानं काय केलं? बापाच्या जिवावर कुणीही करेल." ते माझ्या डोक्यात बसलं. माझी पाळी आली, फोनचा किस्सा सुरू केला, "आमच्या घरी फोन होता आणि तो" इथपर्यंत बरोबर आलो, आणि पुढे 'आई' म्हणायच्या जागी तोंडातून 'मी' निघालं. लोक हसले. मला वाटलं, आता कुठे मागे घ्यायचं. आणि खरं सांगू? मनात हेही आलं की तू ऐकायला नाहीस. ह्या एका विचाराची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाकीचं बोलण्याच्या भरात झालं असं म्हणता येईल, हे मी शुद्धीत असताना केलं.

आता गेल्या आठवड्याचं. भाषण संपलं, मी जिन्यावरून उतरत होतो, तर खाली कठडा धरून एक म्हातारी बाई उभी. कानाला मशीन. तुझ्या शेजारच्या बोर्डवर बसायची ती मावशी, जी दिवाळीत आपल्याकडे चकल्या घेऊन यायची आणि बोलता बोलता अर्ध्या स्वतःच खायची. मी वाकून नमस्कार केला. "मावशी, तुम्ही इथे?"

"नातीनं आणलं. म्हणाली, आजी, चल, सर भारी बोलतात." तिनं कानातलं मशीन बोटानं दाबून बसवलं. "मला हे लावूनही अर्धंच ऐकू येतं रे. तुझं भाषण काही कळलं नाही. पण मध्ये एकदा ती बोलली."

"कोण?"

"कोण काय कोण? 'जरा होल्ड करा हं.' तो 'हं' तिचाच. आयुष्यभर माझ्या डाव्या कानाला होता तो. मला वाटलं तू काही आठवण सांगतोयस आईची. मी नातीला विचारलं, मग लोक हसतायत का? ती म्हणाली, अगं, सर स्वतःच बाईचा आवाज काढून फोन घ्यायचे." मावशीनं माझ्याकडे बघितलं. "तू घ्यायचास होय रे?"

मी जिन्यावर उभा होतो, आजूबाजूनं पोरं उतरत होती, दोघांनी मला थांबून नमस्कार केला.

"जाऊ दे. मी कुणाला सांगायला जात नाही," मावशी म्हणाली. "पण माझ्या नातीला खरं सांग. ही कंपनीत लॅबला आहे, घरी साबण बनवते, छान बनवते. पण आता नोकरी सोडायला निघालीये. तुझे व्हिडिओ बघून. हिच्या बापाचं डायलिसिस हिच्या कंपनीच्या मेडिक्लेमवर चालतंय. आम्ही बोललो की म्हणते, सरांकडे तरी कोण होतं? एकटेच होते ना? तिला वाटतं तू एकटा होतास."

तेवढ्यात ती आलीच, धावत, पाठीला सॅक. "सर! एक सेल्फी प्लीज. सर, मी सोमवारी रेझिग्नेशन टाकतेय. एकदम फिक्स. तुम्ही म्हणता ना, दोर कापा, मग माणूस लढतोच." तिनं मला तिचं कार्ड दिलं. साबणाचं नाव, खाली तिचाच मोबाइल नंबर, आणि नंबराच्या आधी लिहिलेलं 'ऑफिस'. मी ते बघितलं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि आई, मी त्या पोरीला म्हणालो, "ऑल द बेस्ट." सेल्फीत मी हसतोय. मावशीनं कठडा धरला आणि एकेक पायरी उतरायला लागली.

त्यानंतर मी रोज ठरवत होतो की फोन करायचा. कार्ड टेबलावर समोर ठेवलं होतं. पण फोन केला की सांगावं लागणार, आणि एकीला सांगितलं की दहा जणांना कळणार, आणि मग ते व्हिडिओ, ती स्लाइड, त्या टाळ्या. मी हिशेब घालत बसलो की ती किती जणांना सांगेल. तिच्या बापाचा विचार माझ्या मनात आला तो ह्या सगळ्याच्या नंतर. गाळ्यावरची पोरं काही विचारायला आली की ओरडत होतो. सोमवार असाच गेला. मंगळवारी दुपारी शेवटी फोन लावला. तिनं दुसऱ्या रिंगला उचलला. माझी स्लाइड पाळत होती.

मी सगळं सांगितलं. फोन कुणाचा होता, क्वार्टर कुणाची होती, रात्रपाळी कुणी मागून घेतली, घरात दर महिन्याला पगार कुणाचा येत होता. मी दोर कापला असं ज्या वेळेबद्दल म्हणतो, तेव्हा तो दोर वरून तू दोन्ही हातांनी धरून बसली होतीस, आणि मी कापल्याचं नुसतं नाटक केलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, पण मी काल दिला राजीनामा."

"परत घे."

"असा कसा परत घेऊ? अख्ख्या लॅबला वडापाव खिलवले मी. सगळ्यांनी निरोपाच्या कार्डावर सह्या करून दिल्या." मग तिचा आवाज बदलला. "माझ्याकडे कोण आहे सर फोन घ्यायला? आजीला तर बेलपण ऐकू येत नाही." आणि थोड्या वेळानं, "म्हणजे साबण बंद करू का मी?"

मी म्हणालो, बंद नको करूस. नोकरी ठेव. सुट्टीच्या दिवशी साबण कर, ओळखीच्यांना वीक, वाईट म्हणतील ते ऐकून घे. एखाद्या महिन्यात इतकी मागणी येईल की नोकरीचा वेळ खरोखरच आड येईल, तेव्हा सोडायचा विचार कर, आणि तेव्हाही आधी वडिलांच्या उपचाराची सोय बघ, मग सोड. घरात कोण तुझ्यासाठी काय सोसतंय ते विचार, आणि विचारून झाल्यावर ते लोकांसमोर सांग. बस. इतकी वर्षं व्यासपीठावरून बडबडलो, पण पोरांना उपयोगी पडेल असा सल्ला हा पहिलाच दिला असेन. ह्याला टाळ्या पडल्या नसत्या. ती नुसती "हं" म्हणाली. ती रागावली होती, आणि तिनं रागवायलाच हवं होतं.

मग तिनं विचारलं, "सर, त्या तुमच्या आई होत्या हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

मी म्हणालो, "हॅलो? आवाज कट होतोय." होत नव्हता. तुझ्याकडून मी लाइनवरचं सगळंच शिकलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा मेसेज आला. राजीनामा परत घेऊ दिलाय, एचआरनं भरपूर सुनावलं, लॅबमधली पोरं वडापावचे पैसे परत मागतायत. शेवटी 'थँक यू' होतं, 'सर' नव्हतं. मावशीला फोन करावासा वाटला, पण तिला ऐकू येणार नाही, आणि आलं तर ती काय म्हणेल ते मला आधीच ऐकू येतंय.

ह्या रविवारी ठाण्यात पुन्हा एक कार्यक्रम आहे. तिथे मी सरळ सांगणार आहे की फोन माझी आई घ्यायची, रात्रभर ड्यूटी करून दिवसा घ्यायची, आणि एकदा गिऱ्हाइकासमोर मी तिला ऑफिसची मॅडम म्हटलं होतं. कुणी हसणार नाही, मला माहीत आहे. ती स्लाइड काढून टाकलीय. आणि हे सरळ सांगायचं म्हटलं की आवाज काढायची गरजच उरत नाही. हे पत्र लिहायला बसलो ते खरं तर इथे अडलो म्हणून. पाकीट वगैरे काही आणलेलं नाही, कुठे टाकणार.

कल्याणमधली कितीतरी माणसं तुझा आवाज ऐकून मग आपापल्या घरी बोलली, आणि तुझा आवाज कशातच नाही, आई. मी सगळं शोधलं. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये तू ताट घेऊन जातेस तेव्हा बँड वाजतोय. बारशाच्या कॅसेटमध्ये तू काहीतरी म्हणतेस आणि कॅमेरावाला नेमका पाळण्याकडे वळलाय, आवाज गोंगाटात गेलाय. त्या पहिल्या सत्काराला मी खोटं बोललो, ते खोटंच. पण 'जरा होल्ड करा हं' म्हटलं तेव्हा तो 'हं' अगदी बरोबर निघाला आणि माझ्या अंगावर काटा आला. तेव्हापासून कुणीही बोलावलं, मानधन नसलं, रविवार गेला, तरी मी नाही म्हणत नाही. लोक म्हणतात, सरांना तरुणांची किती तळमळ. पोरं हसत असतात तेव्हा मी तुला ऐकत असतो. ह्यानं लाज कमी होत नाही, कमी व्हावी म्हणून सांगतही नाही.

काल गाळ्याखाली गाडी लावली, काचा वर केल्या, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात एकदा म्हणून बघितलं. "साहेब मीटिंगमध्ये आहेत. जरा होल्ड करा हं." बरोबर आलं. मग आपली गिऱ्हाइकं थांबायची तसा मीही थांबलो.